बाय, तिजोरी घेण्याआधी

॥ श्री ॥

चि. बाय हिस अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले तिजोऱ्यांचे फोटो पाहिले. आईने चष्मा लावून पुन्हा पुन्हा पाहिले आणि म्हणाली, "बंदुकेक एवढो मोठो पेटारो, आणि माझ्या दागिन्यांक बिस्किटांचो डबो?" तिला काय उत्तर दिलं ते पुढे लिहितो. फोनवर हा विषय होत नाही. तुझं एक चालू असतं, माझं दुसरं, आणि मध्येच रेंज जाते.

माझी बंदूक तुझ्या नावावर करायची, त्या कागदांचं आधी उरकतो. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारकाला ७० वर्षं पूर्ण झाली, किंवा हत्यार २५ वर्षं त्याच्याकडे असलं, की तो हयात असतानाच ते वारसाच्या नावावर करायचा अर्ज करता येतो. वारस म्हणजे मुलगाच हवा असं काही नाही. तुला सुरक्षिततेचं प्रशिक्षण घ्यावं लागेल आणि हत्यार सुरक्षित ठेवीन अशी लेखी हमी द्यावी लागेल. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीनची पाच वर्षं झाली आहे, म्हणजे नूतनीकरणाच्या खेपा तरी कमी. बाकी अर्ज मी आणून ठेवतो. ती हमी मात्र नुसती सही ठोकून देऊ नकोस. बंदूक कुठे राहणार ते ठरल्यावरच दे.

आता तिजोरी. तू निवडलेल्यांपैकी निम्म्या अमेरिकेतल्या घरांसाठी केलेल्या आहेत. त्यांत सात-आठ बंदुका उभ्या राहतात, दाराला आतून कप्पे, चारी बाजूंनी गालिचा. आपल्याकडे आहे एकच एकनळी बारा बोअर, शेती संरक्षणाची. कायदाही आता एका माणसाला दोनच हत्यारं ठेवू देतो, पूर्वी तीन चालत. मग एवढं मोठं धूड घेऊन रिकाम्या जागेत काय ठेवायचं? आई म्हणते दागिने, तू म्हणशील सातबाराचे उतारे, जावईबापू म्हणतील पासपोर्ट. तिथेच घोळ होतो. दागिने ठेवले की लग्नाकार्याला आई किल्ली मागणार, कागद ठेवले की प्रत्येक कामाला कुणीतरी दार उघडणार. महिन्याभरात किल्ली घरातल्या सगळ्यांची होते आणि बंदूक सगळ्यांच्या हाताखाली येते. म्हणून आईला सांगितलं की दागिन्यांचं वेगळं बघू, या पेटीत बंदुकीशिवाय काही जाणार नाही. ती दोन दिवस बोलली नाही, पण पटलं असावं.

किल्ली जावईबापूंनाही द्यायची नाही. त्यांना वाईट वाटेल, तरी सांग. परवाना तुझ्या नावावर असेल, त्यांच्या नाही. ज्याच्याकडे परवाना नाही त्याच्या ताब्यात किल्ली म्हणजे त्याच्या ताब्यात हत्यार, असा अर्थ उद्या कुणीही काढू शकतो. तू चार दिवस बाहेरगावी असलीस तर किल्ली तुझ्याबरोबर जायला हवी. जास्त दिवस जायचं असेल तर परवाना असलेल्या शस्त्रविक्रेत्याकडे नाहीतर पोलीस ठाण्यात बंदूक रीतसर जमा करता येते. मी डोळ्यांच्या ऑपरेशनला गेलो तेव्हा तेच केलं होतं.

वाडीत विचारलंस तर सगळे चोराचं सांगतील. पण चोर आला तर टीव्ही नेईल, काजूची पोती नेईल. बंदूक चोरीला जाणं वाईटच, त्याची खबर ठाण्यात लगेच द्यावी लागते, पण मला झोप लागत नाही ती त्या भीतीने नाही. मे महिन्यात या घरात किती पोरं असतात ते तुला माहीत आहे. थोरला आता माळ्यावर एकटा चढतो. धाकटीने गेल्या सुट्टीत आजीने लपवलेला लाडवांचा डबा पिठाच्या पिंपामागून शोधून काढला आणि परत होता तसा ठेवला! ज्या घरात लपंडाव खेळला जातो त्या घरात लपवलेली जागा अशी नसतेच. देव्हाऱ्यामागे, साड्यांच्या घडीत, घड्याळाच्या पाठीमागे, या जागा मोठ्यांना गुप्त वाटतात एवढंच. तेव्हा तिजोरी बघताना प्रश्न असा विचार की पोर पाऊण तास एकटं सापडलं तर त्याला ही उघडता येईल का. फोडता येईल का हा नंतरचा प्रश्न.

या हिशेबाने गोदरेजचं कपाट बाद. नाव मोठं, आपल्या दोन पिढ्यांचे कपडे त्यात राहिले, पण कपाट ते कपाटच. पत्रा जेमतेम मिलिमीटरभर, आणि आतला चोरकप्पा बंदुकीला पुरत नाही. तिजोरी म्हणून घ्यायची तर आय.एस. ५५० या भारतीय मानकाचा शिक्का आहे का ते विचार. दुकानदार 'हेवी ड्युटी' म्हणाला म्हणून मान डोलावू नकोस, पत्र्याची जाडी मिलिमीटरमध्ये लिहून माग. तुझ्या त्या परदेशी फोटोंखाली 'आर.एस.सी.' असं बारीक अक्षरात लिहिलंय. अमेरिकेत यू.एल. नावाची संस्था तपासणी करते, त्यातली ही घरगुती पायरी. एका माणसाने साध्या अवजारांनी पाच मिनिटं झटून दार उघडू नये, एवढीच तिची परीक्षा. त्यावरची टी.एल. १५ पंधरा मिनिटं टिकते, पण ती सराफाच्या दुकानातली वस्तू, आपल्या पाणंदीतून वर यायची नाही. आपल्याला पाच मिनिटंवालीसुद्धा पुरे.

मोठी पेटी नको म्हणतो त्याचं अजून एक कारण. आपली बंदूक सबंध धरली तर चार फुटांच्या आसपास भरते, पण पुढचं लाकूड काढलं की नळी दस्त्यापासून सुटी होते. नळी तीस-बत्तीस इंच. आतून छत्तीस इंच उंचीची पेटी असली की दोन्ही भाग शेजारी शेजारी उभे राहतात. असं सुटं ठेवलेलं मला सबंध बंदुकीपेक्षा बरं वाटतं, कारण कुणाच्या हाती एक भाग लागला तरी तो नुसता लोखंडाचा पाइप नाहीतर लाकडाचा तुकडा. सबंध ठेवायची वेळ आलीच तर नळीचं तोंड खाली करून ठेव. उलट ठेवली तर तेल ओघळून दस्त्याच्या लाकडात मुरतं आणि लाकूड जोडापाशी मऊ पडतं. शिवाय सबंध बंदूक उघडी पाडून नळीतून तारेचं कुलूप ओवता येतं, मग बंदूक मिटतच नाही. स्वस्त वस्तू आहे, एक घेऊन ठेव.

काडतुसं वेगळी. त्याच पेटीत वरचा कुलपाचा कप्पा असला तरी मला नको. माजघरातल्या भिंतीत छोटी पोलादी पेटी बसवू, तिची किल्ली वेगळी आणि तीही तुझ्याकडेच. खडकीच्या कारखान्याची काडतुसं आणतो ती कागदी खोक्यातून काढून प्लास्टिकच्या घट्ट डब्यात ठेव, नाहीतर श्रावणात पितळेवर हिरवं चढतं. किती आणली, किती उडवली याची वही मी ठेवतो तशी ठेव. आणि शेजारच्या आबांनी ठासणीच्या बंदुकीची दारू "तुमच्याकडे भक्कम पेटी आहे, ठेवा चार दिवस" म्हणून आणून दिली तर हात जोड. काळी दारू जाड पोलादात कोंडली आणि आग लागली तर तिजोरीच बॉम्ब होते.

आगीवरून आठवलं. आगरोधक तिजोरीला दुप्पट पैसे घालायचं तुझ्या मनात आहे. पुण्याला ठीक, इथे नको. त्या तिजोऱ्यांच्या भिंतीत जिप्समसारखं काही भरलेलं असतं, त्यात मुळातच पाणी असतं. आग लागली की त्याची वाफ होऊन आतला भाग थंड राहतो, युक्ती चांगली आहे. पण तोच ओलावा एरवी आत दमट करत राहतो, आणि आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. दाराला रबर घट्ट बसलेलं, आत कोंडलेली हवा, गालिचा, प्लायवूड. आषाढ संपेपर्यंत नळीवर तांबूस पुटकुळ्या येतील आणि प्लायवूडला वाळवी लागली तर ते वेगळंच. आतून नुसता रंगवलेला पत्रा आणि खाली रबराची पट्टी, एवढंच हवं. चामड्याची म्यान तर पेटीत ठेवूच नकोस. चामडं आणि कापड ओल धरून ठेवतं, म्यान फक्त प्रवासाला. नळीला पातळ मशीनचं तेल लावायचं, खोबरेल नाही, ते थंडीत गोठतं आणि चिकट होतं. सिलिका जेलच्या निळ्या पुड्या घाल, गुलाबी झाल्या की गरम करून पुन्हा वापर, पण जेवणाच्या तव्यावर नको, निळा रंग ज्याचा असतो तो पदार्थ विषारी. आपल्या घरी पावसाळ्यात कपाटात झिरोचा दिवा लावून ठेवतात, तो उपाय इथे जमेल असं वाटलं होतं. पण आता मिळणारे एलईडी गरमच होत नाहीत, आणि तारेचा जुना बल्ब बंद पेटीत लावायला मी धजणार नाही.

कुलपाचं. तुझी पसंती बोटाच्या ठशाला. रेशन दुकानातल्या मशीनवर माझा अंगठा उठत नाही हे तू बघितलंस. काजू बियांचं तेल, सुपारी सोलणं, कोयता, यांत बोटाच्या रेषा राहत नाहीत. दोन हंगाम बागेत राबलीस की तुझ्याही जातील. आकड्यांचं बटणवालं कुलूप बरं, पण त्याच्याबरोबर अडचणीसाठी म्हणून एक साधी किल्ली येते, आणि ती किल्ली जिथे राहते तेवढीच ती तिजोरी मजबूत. शिवाय स्वस्तातल्या बटणवाल्या पेट्यांमध्ये एक चुंबकी खिळा असतो, वरून नीट ठोसा मारला की तो उडतो आणि दार उघडतं. आपल्या हवेत सेल पाझरतात ते निराळंच. मी लिव्हरची साधी जाड किल्ली घेतली असती, दोन प्रती. एक तुझ्या कमरेला, दुसरी बँकेच्या लॉकरमध्ये. बटणवालं घेतलंस तर आकडा मुलांच्या जन्मसालाचा नको, मुलं पहिला तोच दाबून बघतात.

जागा कुठली, याला मी कुलपाइतकंच महत्त्व देतो. आपल्या बंदुकीचं काम कसं असतं? सकाळी सातच्या सुमाराला माकडं माडात उतरतात, कुणीतरी ओरडतं, आणि दोन मिनिटांत हवेत बार काढला नाही तर शहाळी खाली पडायला लागतात. (डुकरावर मात्र वनखात्याची परवानगी असल्याशिवाय नेम धरायचा नाही, कितीही भात तुडवलं तरी.) तिजोरी वरच्या खोलीत, पलंगामागे असली तर पहिले आठ दिवस माणूस धावत वर जातो. नवव्या दिवशी बंदूक पडवीच्या खांबाला टेकून उभी राहते, "आता परत येतीलच माकडं" म्हणून, आणि काडतूस सदऱ्याच्या खिशात. वाडीत ज्यांच्याकडे तिजोऱ्या आहेत त्यांतल्या निम्म्यांच्या बंदुका दिवसा बाहेरच असतात, तिजोरीत असतात त्या रात्रीच्या. म्हणून पेटी मागीलदाराजवळच्या खोलीत, जिथून बागेत उतरतो तिथेच बसवायची, आणि तिचं दार उघडायला वाकावं लागता कामा नये. बार काढला, नळी उघडून रिकामी बघितली, पुसली, की चहाच्या आधी आत.

पश्चिमेच्या भिंतीला लावायची नाही. पावसाळ्यात आपण झापं बांधतो तीच भिंत, आतून ओल येते. आणि भिंतीत बोल्ट मारून भागणारही नाही. जांभा मऊ, फास्टनर आवळला की चिरा फुटतो आणि भोक नुसतं सैल होतं. खाली लादी फोडून काँक्रीटचा चौथरा ओतायचा, त्यात बोल्ट आधीच उभे करून, आणि पेटीच्या बुडाला भोकं असतात त्यांतून ते आत घेऊन नट आवळायचे. त्यासाठी बुडाच्या भोकांमधलं अंतर आधी हातात हवं. चौथरा वाळायला तीन-चार आठवडे दे, ओल्यावर पेटी बसवली तर बुडालाच गंज.

निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा करायचा निरोप येतो. ते दिवस पेटीचं दार उघडं टाकून वारा लागू दे. परत आणलीस की कितीही उशीर झाला असला तरी त्याच रात्री नळी साफ कर, तिथे ती कुठे आणि कशी उभी असते ते मी पाहिलंय.

खंडेनवमीला बंदूक बाहेर काढून पूजा करतो तेव्हा पोरांना जवळ बसव. उघडी नळी दाखव, प्रकाश आरपार दिसतो तो बघू दे, विचारतील ते सांग. थोरल्याला मी गेल्या वर्षी दाखवली, त्यानंतर त्याने एकदाही विषय काढला नाही. लपवून ठेवलं असतं तर मला नाही वाटत तो गप्प बसला असता. पण दाखवली म्हणून कुलूप ढिलं करायचं नाही, पोरांच्या समजूतदारपणावर बंदूक सोडायची नसते.

लग्नात बार काढायला कुणी मागितली तर परवाना दाखव आणि सांग की निष्काळजीपणे उडवलेल्या बाराला आता दोन वर्षांपर्यंत कैद, नाहीतर लाखापर्यंत दंड, नाहीतर दोन्ही आहे. सख्खा काका असला तरी.

परवान्याच्या पुस्तकाची आणि बंदुकीवरच्या नंबराची झेरॉक्स काढून एक प्रत पुण्याला ठेव, एक मी ठेवतो. दोन्ही तिजोरीत नको.

दुकानदार 'घरपोच' म्हणेल, त्याला स्पष्ट विचार की घर म्हणजे कुठपर्यंत. आपल्याकडे टेम्पो देवळापाशी थांबतो, पुढे पाणंद आणि पायऱ्या. सव्वाशे किलोच्या आतली असली तर बांबू लावून चौघे आणतील, त्यापेक्षा जड नको. मागीलदाराची चौकट आतून अडीच फुटाला थोडी कमी आहे, पेटी आडवी करून आत येईल, पण पेटीच्या दाराची मूठ धरून माप घे, मूठ सोडून नाही.

बुडाच्या भोकांचं माप कळलं की लगेच फोन कर. गवंडी मिरगाआधी मोकळा आहे, नंतर तो कुणाचा नाही.

तुझे,
बाबा

ता. क. दागिन्यांसाठी आईला बँकेतला लॉकर चालेल म्हणते, पण तू विचारल्यासारखं कर.