राणीपदाची वाट गोल्डानाच्या घरावरून

मा. संपादक,
स. न. वि. वि.

व्हिडिओ गेम म्हणजे निव्वळ मारधाड, असा समज सोलापुरातल्या अनेक पालकांचा आहे. बायोवेअर कंपनीचा २००९ सालचा ‘ड्रॅगन एज: ओरिजिन्स’ हा गेम त्यांनी मुलांशेजारी बसून पाहावा. यात फेरेल्डन या काल्पनिक राज्याचे सिंहासन लग्नाने मिळते, आणि ते तलवारीपेक्षा संवादांवर ठरते.

राणी व्हायचे तर सुरुवातीलाच ‘ह्यूमन नोबल’ म्हणजे मानवी सरदार घराण्यातली मुलगी निवडावी लागते. एल्फ, ड्वार्फ (बुटके) किंवा मेज (जादूगार) यांना ही वाट बंद आहे. मग राजाचा अनौरस मुलगा असलेल्या अ‍ॅलिस्टर या साथीदाराशी प्रेम जुळवायचे. खरी मेख पुढेच आहे. तो बहिणीचा विषय काढेल, तेव्हा त्याला सोबत घेऊन राजधानी डेनेरिमच्या बाजारातल्या तिच्या, म्हणजे गोल्डानाच्या घरी जावे. ती त्याला झिडकारते. बाहेर आल्यावर बहुतेक खेळाडू त्याची समजूत घालतात आणि तिथेच फसतात! ‘प्रत्येक जण स्वतःपुरते पाहतो, तूही शीक,’ हेच सांगायला हवे. पुढे तो हा विषय पुन्हा काढतो, तेव्हा शब्द मागे घेऊ नयेत. त्याशिवाय राजा होण्यास तो मनापासून राजी नसतो.

लँड्समीटमध्ये, म्हणजे राजा ठरवणाऱ्या सरदारांच्या सभेत, राजाला दगा देणाऱ्या लोघेन या सरदाराला जीवदान दिले, की अ‍ॅलिस्टर साथ सोडतो. त्याच घराण्यातला मुलगा निवडला असेल, तर लँड्समीटपूर्वीच लोघेनची मुलगी, विधवा राणी अनोरा हिच्याशी लग्नाची बोलणी करावी. त्यासाठी ‘कोअर्शन’ (मन वळवण्याचे कौशल्य) याच्या चारही पायऱ्या आणि ‘कनिंग’ (चातुर्य) आधीपासून वाढवावे.

साथीदार जादूगारीण मॉरिगन सुचवते तो विधी नाकारला, तर आर्चडीमन या राक्षसी ड्रॅगनवर शेवटचा घाव घालणारा वॉर्डन (राक्षसांशी लढणाऱ्या पंथाचा योद्धा) मरतो. मग सिंहासन कुणाचे?

– एक वाचक, सात रस्ता, सोलापूर