पानागणिक दर बंद करा : जुन्या दप्तरांच्या स्कॅनिंगबाबत सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय : अभिलेखांच्या डिजिटायझेशनच्या निविदेत कामाचे मोजमाप बदलण्याबाबत

महोदय,
सादर नमस्कार.

दप्तराचे गठ्ठे उलगडणारे, कागद दुरुस्त करणारे, स्कॅनरवर बसणारे आणि मोडी वाचणारे असे आम्ही काही जण हे पत्र लिहीत आहोत. मागणी एकच आहे. जुन्या अभिलेखांच्या स्कॅनिंगची निविदा निघते तेव्हा दर ‘प्रति पान’ मागवला जातो आणि सर्वांत कमी दर भरणाऱ्याला काम मिळते. हा पानागणिक दर बंद करावा. पुढे जे बिघडते त्यातले बहुतेक इथूनच बिघडायला लागते.

पुण्याच्या पुराभिलेखागारातला, म्हणजे लोक ज्याला पेशवे दप्तर म्हणतात तिथला, एक रुमाल डोळ्यांसमोर आणावा. कापडात बांधलेला गठ्ठा, त्यात पुडकी, पुडक्यांत घड्या घातलेले नाहीतर गुंडाळलेले कागद. काही वीतभर, काही बंदाला बंद, म्हणजे कागदाच्या तुकड्याला तुकडा, चिकटवून तीन-तीन हात लांब. हा कागद कॅमेऱ्याखाली जाण्याआधी पुडके सोडून मूळ क्रम टिपायचा, मऊ ब्रशने धूळ काढायची, घडी उलगडायची, गंजलेली टाचणी सोडवायची, कोपऱ्यात पेन्सिलने क्रमांक घालायचा. मग पुढचा फोटो, पाठीचा फोटो आणि पुन्हा त्याच क्रमाने बांधणी. दुरुस्तीची गरज नसलेल्या कागदालाही एवढ्याला दीड मिनिट धरावे लागते. सहा तास प्रत्यक्ष हात चालला तर दिवसाला २४० कागद झाले. कार्यालयातली सुटी, छापील, ए-फोर आकाराची फाइल आपोआप कागद ओढणाऱ्या यंत्रातून मिनिटाला कितीतरी पानांच्या वेगाने सुटते. निविदेत मात्र दोन्हींचे नाव ‘पान’.

मग कंत्राटदार काय करतो? लबाडी करतो असे आम्ही म्हणत नाही; दरात बसेल ते करतो. पाठ कोरी दिसली की सोडतो. मोडी कागदाच्या पाठीवर शेरे असतात, जोडावरचे शिक्के असतात, पत्र पोचल्याची नोंद असते. ‘कोरी’ ठरवायला ती उजेडात धरून बघावी लागते, आणि बघायला वेळ लागतो. म्हणून नियम सोपा हवा : पाठीचा फोटो घ्यायचाच, कोरी असली तरी. त्यामुळे हिशेबही बसतो. आधी मोजलेले कागद गुणिले दोन, अधिक लांब कागदांच्या जादा चौकटी, इतक्या प्रतिमा आल्या पाहिजेत. एक कमी भरली तरी कागद निसटला हे कळते.

लांब कागदाचे तर फार हाल होतात. कॅमेऱ्याच्या लांब बाजूला ८,००० पिक्सेल असतील तर ए-फोर कागदावर इंचाला पावणेसातशेच्या आसपास पिक्सेल मिळतात. तोच कॅमेरा वर सरकवून तीन हात, म्हणजे ५४ इंचांचा कागद एकाच चौकटीत बसवला की इंचाला दीडशेही उरत नाहीत. बोरूच्या जाड अक्षराचे एक वेळ निभते. ओळींमध्ये बारीक घातलेली दुरुस्ती आणि शिक्क्यातली अक्षरे गेली. खरी पद्धत म्हणजे प्रत्येक बंदाची वेगळी चौकट, शेजारच्या चौकटीशी चारेक बोटे मजकूर सामाईक, आणि प्रत्येक चौकटीत मोजपट्टी व रंगपट्टी. त्याला चार-पाच फोटो लागतात आणि दर एकाच पानाचा मिळतो.

बांधीव वह्यांचे दुखणे निराळे. काचेखाली दाबून सपाट केल्या की शिवण तुटते. दाबल्या नाहीत तर शिवणीकडचा मजकूर सावलीत जातो. वही अर्धवट उघडी ठेवून टेकवता येईल असा व्ही आकाराचा आधार त्यासाठीच असतो. तो वापरला की वेग निम्म्यावर येतो.

आणखी एक काटकसर दिसत नाही, पण महागात पडते : फक्त काळे आणि पांढरे असे दोनच रंग ठेवून केलेले स्कॅन. फाइल लहान होते, पडद्यावर अक्षर ठसठशीत दिसते, तपासणारा अधिकारी खूश. पण विटलेली शाई, पेन्सिलीचे शेरे, पाण्याचा डाग आणि त्याखालचे अक्षर हा सगळा मधला करडा भाग त्यात कायमचा पुसला जातो. मोडीला युनिकोडमध्ये जागा २०१४ मध्ये मिळाली. हस्तलिखित मोडी यंत्राकडून वाचून घेण्याचे प्रयत्न चालू आहेत. त्या यंत्रांना नेमका हाच करडा तपशील लागतो. मूळ प्रत २४ बिट रंगीत, ४०० पीपीआय (म्हणजे इंचाला ४०० पिक्सेल), तपशील न गाळता साठवणाऱ्या टिफ स्वरूपात असावी. लोकांना संकेतस्थळावर दाखवायला त्यावरून हलकी जेपेग काढता येते, उलटे करता येत नाही. (आणि त्या जेपेगवर राजमुद्रेचा भलामोठा वॉटरमार्क मजकुराच्या मधोमध नको. समासात टाकावा.)

साठवण महाग पडेल, अशी शंका लगेच निघते. ए-फोर आकाराची अशी एक प्रतिमा सुमारे ४६ एमबीची. दहा लाख प्रतिमा म्हणजे ४६ टीबी. एलटीओ-९ जातीच्या एका चुंबकीय टेपवर १८ टीबी मावते. म्हणजे एका प्रतीला तीन टेप. दोन प्रती दोन वेगळ्या शहरांत टेपवर, तिसरी चालू सर्व्हरवर. खर्च खरोखर होतो तो कागद उलगडणाऱ्या हातांवर, आणि काटछाट नेमकी तिथेच केली जाते.

क्रम कोणता लावायचा, याबद्दलही बोलायला हवे. जुने तेवढे आधी, हा समज कागदाच्या बाबतीत फसवा आहे. अठराव्या शतकातला जुन्नरी किंवा दौलताबादी हातकागद चिंध्यांच्या लगद्याचा, काजळीची शाई. पाणी आणि वाळवी यांपासून जपला तर तो अजून शंभर वर्षे सहज टिकेल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडाच्या लगद्याचा, तुरटी-राळेची खळ दिलेला यंत्रकागद आला. त्यात आम्ल आतच असते. तो पिवळा पडतो आणि घडीवर तुटतो. गावोगावची कोतवाल बुके, म्हणजे गाव नमुना १४ मधल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, बहुतांश अशाच कागदावर आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हापासून याच वह्या पुन्हा पुन्हा उलटल्या जात आहेत. बोट ओले करून पान उलटले की कोपरा हातात येतो. पहिला हप्ता तहसील कार्यालयांतल्या या वह्यांना द्यावा. पेशवाईच्या कागदाला दोन वर्षे थांबवता येईल.

दुरुस्तीबद्दल दोनच गोष्टी. सनदा आणि जीर्ण पाने प्लॅस्टिकमध्ये लॅमिनेट करून ‘सुरक्षित’ करणे थांबवावे. उष्णतेने चिकटलेले प्लॅस्टिक कागद फाडल्याशिवाय निघत नाही. दुसरे, बुरशी लागू नये म्हणून बाइंडरच्या खळीत मोरचूद घालण्याची जुनी रीत आहे. तांब्याचा अंश कागद जाळतो. गव्हाच्या सत्त्वाची साधी ताजी खळ आणि जपानी टिश्यू पुरे.

आता ज्या भागाला निविदेत सहसा एक ओळ मिळते, त्या यादीकरणाकडे येतो. ‘डेटा एन्ट्री’ म्हणून ते उरकले जाते आणि घोटाळा तारखांपासून सुरू होतो. कागदावर ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असे असते : एक, साठ, शंभर, हजार, म्हणजे ११६१. हे शुहूर सन, जुन्या मराठी कागदांत अरबी अंकशब्दांनी लिहिले जाणारे. ते मृगापासून सुरू होते, म्हणून इसवी सन काढायला डिसेंबरपर्यंतच्या महिन्यांना ५९९ आणि जानेवारीपासून ६०० मिळवायचे. पानिपतची लढाई, जानेवारी १७६१, याच ११६१ सनातली. महिने मात्र हिजरी, ‘छ’ लावून चंद्राची तारीख दिलेली. अरबी शब्द आणि मुसलमानी महिना बघून नवख्याने हिजरी सन समजून रूपांतर केले की १७४८ येते, आणि पानिपतानंतरचे पत्र थेट शाहू महाराजांच्या हयातीत जाऊन बसते. शेजारच्या कागदावर फसली (महसुली) सन ११७० असेल तर तेच वर्ष; तिथे मिळवायचे ५९० किंवा ५९१. अशी चुकीची तारीख एकदा शोधयंत्रात शिरली की तो कागद असून नसल्यासारखा. म्हणून नोंदीत सन जसा लिहिला तसाच एका रकान्यात आणि इसवी तारीख दुसऱ्या रकान्यात ठेवावी. रूपांतर चुकले तरी मूळ हाताशी राहते.

गावांचेही तसेच. नुसते ‘मौजे वडगाव’ लिहिले तर राज्यभर वडगावे शोधत बसा. तर्फ आणि परगणा, हे गावांचे जुने महसुली विभाग, टिपले तरच गाव सापडते. प्रत्येक कागदाचे पूर्ण लिप्यंतर आत्ता नको. कोणी, कोणाला, कुठून, कधी, कशाबद्दल, एवढे पाच रकाने जाणत्या माणसाने भरले तरी शोधणाऱ्याचे निम्मे काम होते. मोडी वाचक तयार करणारी परीक्षा आपल्याच पुराभिलेख संचालनालयाची आहे. उत्तीर्ण झालेल्यांना वर्षभर या कामावर बसवावे. मानधन दिवसाचे द्यावे. वाचनालाही पानाचा दर लावला तर अवघड कागद बाजूला पडतात आणि ‘वाचता येत नाही’ असा शेरा वाढत जातो.

फाइलला हॅश, म्हणजे तिचा अंकी ठसा, फोटो काढल्याबरोबर काढला पाहिजे, दहा महिन्यांनी हार्ड डिस्क सुपूर्द करताना नव्हे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक अभिलेख पुराव्यात आणताना द्यायच्या प्रमाणपत्रात हॅश नोंदवावा लागतो. जमिनीचा किंवा जातीच्या दाखल्याचा वाद कोर्टात गेला की हा प्रश्न विचारला जाणारच. टेपवरच्या फाइलींचा हॅश वर्षातून एकदा पुन्हा काढून ताडावा. न जुळलेली फाइल दुसऱ्या शहरातल्या प्रतीवरून भरून घ्यावी.

हवामानाचे वेळापत्रकही निविदेत असावे. सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांवर राहिली की बुरशी धरते, म्हणून मुंबईत पावसाळ्यात रुमाल सोडू नयेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तिथे चांगला. नागपुरात उलट : मे महिन्यातल्या कोरड्या हवेत घडी उलगडली की कडकन तुटते, पावसाळ्यात तोच कागद मऊ येतो. सकाळी दहाला वातानुकूलन चालू आणि सहाला बंद, हा प्रकार तर कागदाला सर्वांत वाईट. रोजचा चढउतार सोसण्यापेक्षा पंखे आणि चोवीस तास चालणारा आर्द्रताशोषक बरा.

पुराचेही ठरवून ठेवावे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरने पाहिले आहे. भिजलेल्या कागदावर ४८ तासांत बुरशी दिसू लागते आणि तेवढ्यात हजारो वह्या वाळवता येत नाहीत. त्या उणे १८ अंशांत गोठवल्या की मात्र महिनोन्‌महिने सवड मिळते. आइस्क्रीम आणि मासळीच्या शीतगृहांत हे तापमान असतेच. सांगली-तासगावकडची बेदाण्याची शीतगृहे इतकी थंड नसतात, पण चार-सहा दिवस बुरशी रोखून धरायला तीही चालतील. जिल्हाधिकाऱ्यांनी आजच त्यांच्याशी लेखी करार करून ठेवावा; पूर आल्यावर फोन लागत नाहीत.

राहिले मोजमाप. आमची सूचना अशी की यादीकरण आणि दुरुस्तीचा मोबदला रुमालागणिक, कागदाच्या अवस्थेनुसार तीन दर्जे करून द्यावा. प्रतिमांचा मोबदला तुकडीगणिक, स्वतंत्र तपासणीनंतरच. दोन हजार प्रतिमांच्या तुकडीतल्या दोनशे अचानक निवडून मूळ कागदाशी ताडायच्या. दोनपेक्षा जास्त सदोष निघाल्या तर अख्खी तुकडी परत. तपासणारा माणूस कंत्राटदाराचा नसावा, हे सांगावे लागू नये, पण सांगतो. आणि अंदाजपत्रक टेबलावर बसून करू नये. मुंबई, पुणे, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर इथल्या पुराभिलेखागारांतले वीस-वीस रुमाल घेऊन हे सगळे टप्पे घड्याळ लावून करून बघावेत. शंभर रुमालांतून जो वेळ निघेल, त्यावर दर ठरवावा.

स्कॅन झाले म्हणून मूळ कागद निंदणीकरणात, म्हणजे नको असलेले कागद काढून नष्ट करण्यात, जाऊ नये, अशी स्पष्ट अट आदेशातच हवी. ‘अ’ वर्गाचे अभिलेख कायम जपायचे असतात. त्यांची प्रतिमा आली म्हणून वर्ग बदलत नाही.

पुढची निविदा निघण्याआधी तिचा मसुदा दोन आठवडे सूचनांसाठी खुला करावा, ही विनंती.

आपले विश्वासू,
दप्तरखान्यांत काम करणारे काही जण

ता. क. : यापूर्वी झालेल्या कामांच्या पोर्टेबल हार्ड डिस्क ठिकठिकाणी कपाटांत आहेत. पाच-सात वर्षे न फिरलेली डिस्क सुरू होईलच असे नाही. पासवर्ड माहीत असलेला कर्मचारीही बदलून जातो. प्रत्येक कार्यालयाने त्या या महिन्यात एकदा जोडून बघाव्यात, उघडतात तेवढ्या उतरवून घ्याव्यात, आणि ज्या उघडत नाहीत त्यांतले रुमाल कोणते होते याची यादी करावी. ते रुमाल नव्या यादीत सर्वांत वर.