ड्रोन कायदा करा, पण रात्रीचं काय?

संपादक साहेब, सप्टेंबर 2025 मध्ये केंद्राने सिव्हिल ड्रोन बिलाचा मसुदा आणला, तो 2021 च्या ड्रोन रूल्सच्या जागी येणार म्हणे. चांगलंय. जून 2021 मध्ये जम्मूच्या एअरफोर्स स्टेशनवर ड्रोनने स्फोटकं टाकली तेव्हाच हे व्हायला हवं होतं. पण आमचा शिरूरकडचा अनुभव सांगतो, 2024 च्या पावसाळ्यात रात्री गावावरून लाल-हिरवे दिवे घिरट्या घालायचे, बाया-पोरं आत, आम्ही काठ्या घेऊन गच्चीवर, पोलिसांना फोन केला तर ते पण आमच्यासारखेच वर बघत उभे, कारण कोणाचा ड्रोन आहे हे खालून कळणार कसं? नंबरप्लेट थोडीच दिसते!

बिलात रजिस्ट्रेशन, दंड, जप्ती सगळं आहे, पण नियम पाळणारा रजिस्ट्रेशन करेल, चोर कशाला करेल? तालुक्याच्या पोलीस स्टेशनला ड्रोन ओळखायचं एखादं यंत्र द्या आधी. आणि फवारणीचे ड्रोन घेतलेल्या बचत गटाच्या ताया, लग्नाचे शूटिंगवाले यांनाच पहिले धरू नका म्हणजे झालं.

– एक शेतकरी, ता. शिरूर, जि. पुणे