चंद्रीचे दिवस भरत आले असतील

मेलबर्न,
रविवार रात्र

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

मी मजेत आहे. हे आधी लिहिते, कारण पत्र आलं म्हटल्यावर आई पहिली ओळ वाचायच्या आधीच घाबरेल. फोन असताना पत्र कशाला, असं दादा विचारेल. फोनवर तुम्ही दोघं एकाच वेळी बोलता, मध्येच आवाज जातो आणि शेवटी ‘बरं, ठेवते’ एवढंच हाती उरतं. थंडी, तब्येत, झोप हे सगळं मागच्या रविवारी झालंय, ते पुन्हा लिहीत नाही. ज्या शंका मी हसण्यावारी नेल्या, त्यांची नीट उत्तरं द्यायला बसले आहे.

आई, पहिली तुझी. ‘दिवसभर हाडांच्या खोलीत एकटी असतेस, बरं नव्हे ते.’ एकटी नसते, आम्ही तिघं असतो. आणि आमच्या प्राण्यांच्या संग्रहाची ती खोली म्हणजे अंधारं तळघर नव्हे. ओळीने कपाटं, कपाटांत खण, खणांत कातडी आणि कवट्या, प्रत्येकीला चिठ्ठी बांधलेली. वास अजिबात येत नाही. वास येतो तो पलीकडच्या बंद खोलीत, जिथे भुंगेरे असतात. कवटी उकळून साफ केली तर बारीक हाडं निखळतात, म्हणून ती सुकं मांस खाणाऱ्या भुंगेऱ्यांच्या पेटीत ठेवायची. त्यांच्या अळ्या मांस खाऊन टाकतात आणि हाड लख्ख राहतं. जिवंत माणसाशी त्यांना काही देणंघेणं नाही. शिवाय मी त्या खोलीत जातच नाही. आठवड्यातून एकदाच जाते.

आता बाबांची. ‘पशुवैद्यकाची पदवी घेतली ती उंदीर मोजायला का?’ बाबा, जगात उंदीरच इतके आहेत, त्याला माझा काय इलाज! सस्तन प्राण्यांच्या एकूण जाती साधारण ६,५००. त्यांतल्या शंभरात ४० कुरतडणाऱ्यांच्या: उंदीर, घुशी, खारी, साळिंदरं. त्यांच्या खालोखाल वटवाघळं, १,४०० च्या वर. आपण ज्यांना जनावरं म्हणतो ती गाय, घोडा, वाघ, हत्ती, माकड वगैरे मंडळी उरलेल्या थोडक्या खणांत मावतात. या साडेसहा हजारांत अंडी घालणाऱ्या जाती फक्त ५, आणि पोटाच्या पिशवीत पिल्लू वाढवणाऱ्या ४०० च्या आत. बाकी सगळे वारवाले. वार म्हणजे पोटातल्या पिल्लाला पोसणारी आणि व्याल्यावर पडणारी ती. पुस्तकात तिला अपरा म्हणतात, पण मला अजून गोठ्यातलाच शब्द तोंडात येतो. थायलंडकडे २ ग्रॅमचं एक वटवाघूळ आहे, अंगठ्याच्या पेरावर मावेल असं. निळा देवमासा दीडशे टनांवर जातो. दोघांनाही आईच्या पोटात वारेनेच पोसलेलं असतं.

माझं काम मात्र मोजण्यापेक्षा चिठ्ठ्या बदलण्याचं जास्त आहे. जुन्या लोकांनी प्राणी रूप बघून शेजारी शेजारी ठेवले. मग १९९० नंतर डीएनए तपासायला सुरुवात झाली आणि २००१ पर्यंत सगळी भावकीच फिरली. बाबा, तुम्ही कुणाचा कोण कुठे लागतो हे सात पिढ्यांपर्यंत सांगता, तुम्हाला हे फार आवडेल. वारवाल्यांची घराणी चार. एक आफ्रिकेतलं: त्यात हत्ती, त्याच घरात समुद्रगाय, आणि सशाएवढा दिसणारा हायरॅक्ससुद्धा. तुमचा विश्वास बसणार नाही, पण ससा त्याचा कुणी नाही, हत्ती त्याचा जवळचा. दुसरं दक्षिण अमेरिकेतलं: स्लॉथ, मुंगीखाऊ, आर्माडिलो. तिसऱ्यात माकडं आणि आपण, पण एकटे नाही, सोबत ससे आणि सगळे उंदीर. हो आई, उंदीर गाईपेक्षा आपल्याला जवळचा.

आणि तू केरसुणी घेऊन जिच्या मागे धावतेस ती चिचुंद्री उंदीर नाहीच. ती चौथ्या घराण्यातली: गाय, घोडा, मांजर, वटवाघूळ, देवमासा यांच्या गोतातली. देवमासा तर गाईच्या अगदी भावकीतला, आणि त्याचा सर्वांत जवळचा जिवंत नातलग म्हणजे पाणघोडा. तरस दिसतो कुत्र्यासारखा, पण निघतो मांजराच्या बाजूचा. खवल्या मांजराला पंडितांनी कितीतरी वर्षं मुंगीखाऊच्या पंगतीला बसवलं होतं, कारण दोघांना दात नाहीत आणि दोघांची जीभ लांब. डीएनएने दाखवलं की त्याचं नातं मांजर-कुत्र्यांच्या गोताशी आहे. नाव ठेवणाऱ्या आपल्या लोकांचा नेम चुकून का होईना, बरोबर लागला होता! त्या खणाची चिठ्ठी मी बदलली तेव्हा हे शेजारच्या टेबलावर सांगितलं. कुणाला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. मराठीत सांगायला कुणीतरी हवं होतं.

इथला एक प्रकार मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. फोनवर सांगायला गेले तर दादा म्हणाला, वेडे आहेत का लोक? पहिल्या महिन्यात मी सोबतच्या बाईंच्या गाडीतून चालले होते. रस्त्याच्या कडेला एक मेलेला वॉलबी पडला होता, म्हणजे कांगारूचा धाकटा भाऊ. बाईंनी गाडी बाजूला घेतली, हातमोजे चढवले, मेलेल्या जनावराचे पाय फाकवून पोटाशी हात घातला, चाचपलं, परत आल्या, डिकीतून रंगाचा फवारा काढला आणि त्याच्या अंगावर गुलाबी फुली मारली. मग हात पुसून गाडी सुरू केली, जणू टायरची हवा बघितली. मी तोंडाला पदर लावायचा तर पदर नव्हता.

त्याचं असं आहे. कांगारूची मादी गाभण राहते ती जेमतेम ३३ दिवस. पिल्लू जन्मतं ते घेवड्याच्या दाण्याएवढं, एक ग्रॅमही भरत नाही, डोळे मिटलेले. ते स्वतःच्या पुढच्या पायांनी आईच्या केसांतून सरपटत पिशवीत शिरतं, सड तोंडात धरतं, आणि तो सड तोंडात फुगून बसतो, सुटत नाही. पुढचे कित्येक महिने तेच त्याचं गर्भाशय. म्हणजे आई गाडीखाली मेली तरी पिशवीतलं पिल्लू जिवंत असू शकतं. म्हणून थांबायचं, आधी मादी आहे का बघायचं, मग पिशवी. पिल्लू असेल तर ओढून काढायचं नाही, तोंड फाटतं. सड कापून त्याच्यासकट न्यायचं, कापडाच्या पिशवीत घालायचं आणि अंगाच्या उबेला धरायचं. काही नसेल तर फुली, म्हणजे मागून येणाऱ्याला कळावं की बघून झालंय, तू थांबू नकोस. वॉम्बॅट म्हणून दुसरा एक पिशवीवाला आहे, त्याची पिशवी मागच्या बाजूला उघडते, कारण तो बीळ खणतो आणि पुढून उघडी असती तर माती आत गेली असती. तेही मला आता अंधारात हाताने कळतं. आई, घाबरू नकोस, मी रात्री हमरस्त्यावर उतरत नाही. दोनदाच उतरले.

बाबा चूक काढायच्या आत लिहिते: पिशवीवाल्यांना वार नसते असं नाही. असते, पण पातळ आणि थोड्या दिवसांची. आपल्यांची दमदार, म्हणून पिल्लू आत जास्त राहतं आणि तयार होऊन येतं. हत्तीण २२ महिने, घोडी ११, शेळी-मेंढी ५, डुकरीण ११४ दिवस, हॅमस्टर १६. वहिनीचे आणि गाईचे दिवस जवळजवळ सारखेच, २८० च्या आसपास (वहिनी, रागावू नकोस). आकारही प्रत्येकीचा निराळा. गाईम्हशीच्या वारेला बटणांसारख्या गाठी, कुत्री-मांजरीच्या वारेला पट्टा, माणसाची ताटलीसारखी गोल, आणि उंदराचीही तशीच. वार बांधायला लागणारं एक प्रथिन फार प्राचीन काळी विषाणूंकडून आपल्या पूर्वजांत आलंय, आणि वेगवेगळ्या घराण्यांना ते वेगवेगळ्या विषाणूंकडून मिळालंय, हे मी वाचलं तेव्हा दोन दिवस दुसरं काही सुचलं नाही.

दादा, तू विचारलं होतंस इथे गुरंढोरं कशी आहेत. आहेत भरपूर, पण बाहेरून आणलेली. या खंडावरचे मूळचे वारवाले म्हणजे वटवाघळं आणि उंदीर. डिंगो कुत्रा माणसांबरोबर आला तो काही हजार वर्षांपूर्वी. बाकी सगळं १७८८ नंतर बोटींतून. १८५९ मध्ये एका जमीनदाराने शिकारीसाठी दोन डझन ससे मागवले आणि पुढे देशभर ससेच ससे झाले, त्यांना अडवायला पश्चिमेकडे मैलोन् मैल कुंपण घालावं लागलं. १८६० मध्ये मेलबर्नला हिंदुस्थानातून उंट उतरवले होते. पुढे आलेल्या अशाच उंटांची वाळवंटात आज मोकाट खिल्लारं आहेत. उत्तरेला रानात मोकाट म्हशीही आहेत. त्यांची धार काढायला कुणी जात नाही.

एक गोष्ट मला इथे येऊन उमगली. एवढ्या हजारो जातींतून माणसाने माणसाळवल्या त्या दोन-अडीच डझन, आणि दावणीला आलं ते प्रत्येक जनावर वारवालं. पिशवीवालं एकही नाही. कुत्रा सगळ्यांत आधी, निदान १५,००० वर्षांपूर्वी. मग शेळ्या-मेंढ्या, मग गुरं. आपली वशिंडवाली गाय सिंधूच्या खोऱ्यात माणसाळली, इकडची बिनवशिंडाची पश्चिम आशियात. दोघींचा पूर्वज एकच रानबैल, आणि त्याची शेवटची गाय १६२७ मध्ये पोलंडमध्ये मेली. म्हणजे मूळ गेलं आणि दावणीचं राहिलं. २०१८ मध्ये शास्त्रज्ञांनी पृथ्वीवरच्या सगळ्या सस्तन प्राण्यांच्या वजनाचा हिशेब मांडला. १०० तले ६० भाग पाळीव जनावरं, ३६ माणसं, आणि वाघ-हत्ती-देवमासे सगळे धरून जंगली फक्त ४. आमचा एवढा मोठा संग्रह मुख्यतः त्या ४ भागांचा. गोठा कुणी खणांत ठेवत नाही.

पहिल्या आठवड्यातलं एक फोनवर सांगायचं राहिलं. संध्याकाळी नदीवर गेले होते. अंधार पडायला लागला आणि झाडांतून वटवाघळं निघाली, हजारो, पंख संथ हलवत, आवाज न करता. ओळखीचं असं तेवढंच दिसलं त्या आठवड्यात. मी तिथेच बसून राहिले. रडले वगैरे नाही, वारा फार होता.

आता राहिलेलं लिहिते. पैसे गेल्या महिन्यापेक्षा कमी आलेत, ते मुद्दाम नाही. नोंदणीच्या परीक्षेची फी भरली. पुढच्या महिन्यात भरून काढते. दादा, गोठ्याच्या पत्र्याचं त्यातून होत नसेल तर तसं स्पष्ट सांग, उसने काढू नकोस. आत्यांनी सुचवलेल्या मुलाशी मी बोलले. माणूस चांगला वाटला. ‘हाडं साफ करता म्हणजे नक्की काय करता?’ हे त्याने तीनदा विचारलं आणि चौथ्यांदा त्याच्या आईने. मी नाही म्हटलेलं नाही. होही म्हटलेलं नाही. आत्यांना एवढंच कळवा की विचार चालू आहे. आणि इथल्या लोकांनी मला अजून दोन वर्षांसाठी ठेवून घेतलंय. मी सही केली. मागच्या रविवारी सांगणार होते, पण बाबा इतके खुशीत होते की धीर झाला नाही. वहिनीच्या बाळंतपणाला मला येता येणार नाही. वहिनी, मी तुला दिलेला शब्द मला आठवतोय.

चंद्री म्हैस विकल्याचं तुम्ही मला दोन महिने सांगितलं नाहीत, त्याबद्दल माझी तक्रार नाही. बाबांच्याने आता होत नाही आणि दादा दिवसभर बाहेर, मला समजतं. मी तिथे असते तर विकावी लागली नसती, हे आई म्हणाली नाही, पण तिने फोन दादाकडे दिला.

सर्वांना यथायोग्य नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमची,
धाकटी

ता. क. : मी निघाले त्याच्या आदल्याच आठवड्यात चंद्रीला भरवली होती. म्हशीचे ३१० दिवस धरले तर ती याच आठवड्यात व्यायला हवी. दादा, ज्यांनी नेली त्यांना फोन करून विचार, रेडी झाली की रेडा, आणि वार बारा तासांच्या आत पडली का. नसेल पडली तर हाताने ओढू नका म्हणावं, डॉक्टरला बोलवा. मी सांगितलं म्हणून सांगू नकोस, तूच विचारलंस असं सांग.