काकूंची खोली आणि ती नोटीस

प्रिय विजू,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू तडकून विचारलंस, "इमारत धोकादायक म्हणून नोटीस चिकटवलीय, तरी तुम्ही लोक खाली का करत नाही?" तेव्हा काकू माझ्या शेजारीच बसल्या होत्या. त्यांच्यादेखत सगळं बोलता येईना. शिवाय मालकाचा माणूस पार इंदूरला तुझ्यापर्यंत पोचला आणि "आईला घेऊन जा, किल्ली द्या, एकरकमी पैसे घ्या" म्हणाला, हेही तू जाता जाता सांगितलंस. त्याने माझी झोप उडाली. म्हणून सविस्तर लिहितोय. काकूंना खुशाल घेऊन जा, पण किल्ली कुणालाही देऊ नकोस.

तू इथे गिरगावात फिरकून बरीच वर्षं झाली, म्हणून चाळीची आताची अवस्था सांगतो. तुमच्या मजल्यावर नळाच्या कोपऱ्यात जी तुळई भिंतीत शिरते, तिचं टोक कुजलंय. वरच्या मोरीचं पाणी तिथे मुरतं. मी बोट लावलं तर पेरभर आत गेलं आणि ओला भुसा घेऊन बाहेर आलं. तिच्याखाली टेकू आहेत: साध्या बल्ल्या, खाली फळीचा तुकडा, वर पाचर. लावले तेव्हा "दुरुस्ती सुरू होईपर्यंत" असं सांगितलं होतं. आता त्यांना कपडे वाळत घालायच्या दोऱ्या बांधल्यात आणि पोरं त्यांच्याभोवती लपाछपी खेळतात. पाऊस लागला की लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आवळतं, पाचर सैल होते. मग काकूच हाक मारतात, "अरे, टेकू हलतोय रे," आणि कुणीतरी जाऊन हातोडीने ठोकून बसवतं. तुझी आई पंचाहत्तरी ओलांडून टेकूंवर पहारा करतेय. तू चिडतोस ते मला समजतं. पण चीड आमच्यावर काढू नकोस.

दुरुस्ती कुणी करायची, हे कायद्यात लिहिलेलं नाही असं नाही. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम १४ सरळ सांगतं की जागा नीट राहण्याजोगी ठेवणं हे घरमालकाचं काम. तो करत नसेल तर निदान पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेकरूंनी दुरुस्ती करून घ्यावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा. किती वळता करता येतो? एका वर्षात, त्या वर्षीच्या भाड्याच्या फार तर चौथा हिस्सा. काकूंचं भाडं महिना ८० रुपये. वर्षाचे ९६०. चौथा हिस्सा २४० रुपये. एवढ्यात सिमेंटची एक गोणी येत नाही, तुळई कुठून बदलणार?

मालकाची बाजू मला दिसत नाही असं समजू नकोस. मुंबईची भाडी १९४७ च्या कायद्याने १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकली आणि पुढे पन्नास वर्षं ती तशीच राहिली. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयालाही हे गोठवणं गैरवाजवी वाटलं. नव्या कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ दिली, पण मुळात आकडाच एवढासा, त्यावर ४ टक्के म्हणजे किती? ८० रुपयांत कुणी इमारत सांभाळू शकत नाही, हे मी मान्य करतो. पण पागडीची खोली, म्हणजे एकरकमी पैसे देऊन कायमच्या भाड्याने घेतलेली, एकाच्या हातून दुसऱ्याला जाते तेव्हा मालक आपला हिस्सा घेतो, बहुतेक ठिकाणी रकमेच्या तिसऱ्या भागाच्या आसपास. आपल्या तळमजल्यावरचं दुकान हस्तांतरित झालं तेव्हाही त्याने तो मोजून घेतला. त्यातला एक रुपयाही जिन्याच्या कठड्याला लागला नाही. इमारत जितकी खंगेल तितकी आतली माणसं लवकर निघतील आणि जमीन मोकळी होईल, हा त्याचा हिशेब आहे. गिरगावातल्या जमिनीचा भाव बघितला की तो हिशेब सहज समजतो.

मालक हात वर करणार हे सरकारला फार आधी कळलं होतं. बेडेकर समिती नेमली, तिच्या मागोमाग १९६९ चा कायदा आला, आणि बेटावरच्या शहरातल्या जुन्या भाड्याच्या इमारतींवर दुरुस्तीसाठी उपकर बसला. आपण "सेस बिल्डिंग" म्हणतो ती हीच. तेव्हा अशा १९,६४२ इमारती होत्या. आज सुमारे १३ हजार उरल्यात. त्या कायद्याने आलेलं दुरुस्ती मंडळ आता म्हाडाच्या, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाच्या, छत्राखाली आहे. तुझे बाबा दर महिन्याला भाड्याबरोबर हा उपकर भरत होते, जुन्या पावत्यांवर तो रकाना वेगळा छापलेला आहे, बघ. म्हणजे दुरुस्तीचे पैसे आपण पिढ्यान् पिढ्या मोजलेत, फुकट राहिलेलो नाही. पण मंडळाच्या खर्चाला चौरस मीटरमागे मर्यादा आहे. काम तिच्यापलीकडे गेलं तर वरचे पैसे रहिवाशांनी भरायचे. नाही भरले तर इमारत दुरुस्तीच्या पलीकडे गेली असा शेरा बसतो. आणि काम मर्यादेपलीकडे का जातं? वेळेवर कुणी हात लावला नाही म्हणून. आपल्याकडे पाहणीला आलेल्या सरकारी इंजिनिअरने जिन्याच्या पहिल्या वळणावरून वर बघितलं, मोबाईलवर दोन फोटो काढले आणि गेला. मोरीखालची ती तुळई त्याने बघितलीच नाही. त्याच्या अहवालावर आपली इमारत ठरते.

माझं म्हणणं एवढंच आहे विजू, की कायद्याची अंमलबजावणी चुकीच्या टोकाकडून होते. छप्पर गळतं तेव्हा मालकाला कुणी विचारत नाही, मोरी मुरते तेव्हा कुणी विचारत नाही, तीस वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट कायद्याने सक्तीचं असूनही ते झालं की नाही याची कुणी दारावर येऊन चौकशी करत नाही. आणि सगळं कुजून झालं की महापालिका कायद्याच्या कलम ३५४ ची नोटीस भिंतीवर लागते. तिचा धाक कुणाला? राहणाऱ्याला. इमारत सी-१ ठरली, म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडण्याजोगी, की पाणी आणि वीज तोडतात, पोलीस बोलावतात. ज्याने दुरुस्ती केली नाही त्याचं पाणी कुणी तोडत नाही. तो दुसरीकडे राहतो.

असं लिहिताना मला भीती वाटत नाही असं समजू नकोस. ३१ ऑगस्ट २०१७ ला पाकमोडिया स्ट्रीटची हुसैनी इमारत पडली, ३३ माणसं गेली. ती कधीचीच धोकादायक ठरलेली होती. १६ जुलै २०१९ ला डोंगरीत केसरबाई इमारतीचा भाग कोसळला, आणि ढिगारा उपसला जात असतानाच वाद पेटला तो पडलेला भाग उपकरप्राप्त होता की नव्हता यावर. बरोबर वर्षाने, १६ जुलै २०२० ला, फोर्टची भानुशाली इमारत. त्याच्याही आधी, २७ सप्टेंबर २०१३ ला, डॉकयार्ड रोडची बाबू गेनू मंडईची इमारत पडून ६१ जण दगावले. ती तर महापालिकेचीच होती, तिच्याच कर्मचाऱ्यांची घरं. ज्यांनी इतरांना नोटिसा द्यायच्या, त्यांच्याच इमारतीत त्यांचीच माणसं गेली. जोराचा पाऊस असला की मी रात्री उठून गॅलरीत जातो आणि टेकूंवरून हात फिरवून येतो. आपल्या चाळीतला प्रत्येक जण हे करतो, कुणी बोलत नाही इतकंच.

मग निघत का नाही? जायचं कुठे, ते ऐक. संक्रमण शिबिरात, म्हणजे म्हाडाच्या तात्पुरत्या घरांत, जागा मिळाली तर मिळेल, आणि मिळाली तरी गिरगावात नाही. प्रतीक्षानगर, गोरेगाव, मालवणी, विक्रोळी, जिथे रिकामी असेल तिथे. दोन वर्षांसाठी म्हणून शिबिरात गेलेल्या कुटुंबांची तिसरी पिढी तिथे वाढलीय. मूळ इमारत पडून गेली, त्या जागी नवी उभी राहिलीच नाही, किंवा राहिली पण यांचं नाव लागलं नाही. मग उरते ती म्हाडाची मास्टर लिस्ट, म्हणजे मूळ जागी घर न मिळालेल्यांना दुसरीकडे घर देण्याची यादी. त्या यादीत नाव लागण्यासाठी कागद घेऊन खेटे घालणारी म्हातारी माणसं मी डोळ्यांनी पाहिलीत. बिल्डरकडे गेलेल्यांचीही तीच गत. पहिल्या वर्षाचं भाडं एकदम मिळतं, दुसऱ्या वर्षी चेक परत येतो, तिसऱ्या वर्षी बिल्डरचं ऑफिस बंद असतं. आपल्या चाळीतले लोक जिवावर उदार झालेले नाहीत. बाहेर पडलेला परत आत येत नाही, हे त्यांनी शेजारच्या वाडीत बघितलंय.

सरकारने काहीच केलं नाही असंही मी म्हणणार नाही. म्हाडाच्या कायद्यात ७९-अ आणि ९१-अ ही कलमं आली, २०२२ च्या डिसेंबरात राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. इमारत धोकादायक ठरली की मालकाला सहा महिने: ५१ टक्के रहिवाशांची संमती घेऊन पुनर्विकासाचा प्रस्ताव दे. त्याने नाही दिला तर पुढचे सहा महिने रहिवाशांच्या संस्थेला. तिलाही नाही जमलं तर म्हाडाने जागा संपादन करून स्वतः बांधायचं. रखडलेली कामं म्हाडाने ताब्यात घेण्यासाठी ९१-अ. मला हा कायदा मनापासून पटतो, कारण यात पहिल्यांदा मालकाला मुदत घातलीय. पण धोकादायक ठरवायचं कुणी, यावर भांडण कोर्टात गेलं, आणि २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने म्हाडाने काढलेल्या ७९-अ च्या नोटिसा थांबवल्या. कायदा चांगला असून भागत नाही, नोटीस काढणाऱ्याने ती योग्य अधिकारात, नीट पाहणी करून काढावी लागते. जिन्याच्या वळणावरून फोटो काढून काढलेली नोटीस पहिल्याच सुनावणीत गळून पडते, आणि आपली वर्षं जातात. जुन्या तरतुदीचंही असंच झालं होतं. १९८६ साली ठरलं की ७० टक्के रहिवाशांनी मागितलं तर सरकारने इमारत संपादन करावी आणि मालकाला महिन्याच्या भाड्याच्या शंभरपट द्यावेत. मालक सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यातल्या घटनेच्या प्रश्नावर नऊ न्यायाधीशांचा निकाल आला ५ नोव्हेंबर २०२४ ला. तेवढ्या काळात आपण शाळेतून निवृत्तीच्या उंबरठ्यावर आलो.

आता काकूंच्या खोलीचं.

मालकाच्या माणसाने तुला सांगितलं ना, की इमारत पाडली की तुमचा हक्कच संपतो, म्हणून आत्ता मिळतंय ते घ्या? साफ खोटं आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच निकाल दिलाय की बांधकाम गेलं म्हणून भाडेकरूचा हक्क जात नाही. जमीन आहे तोवर तो हक्क आहे. पुनर्विकासात काकूंना किमान ३०० चौरस फूट चटईक्षेत्राचं घर मिळालं पाहिजे, मालकीचं. त्यांची आत्ताची खोली त्याच्या निम्मीसुद्धा नाही. तो जी रक्कम बोलला ती या घराच्या जवळपासही येत नाही. आणि तो नेमका तुमच्याकडेच का आला? कारण खोलीत एकटी बाई आहे, मुलगा लांब आहे, आणि पावती अजून तुझ्या बाबांच्याच नावावर आहे.

तेवढं पावतीचं काम आधी कर. पुनर्विकासात भाडेकरूंची संख्या १३ जून १९९६ रोजी होती तीच धरतात. त्या सुमाराची भाडेपावती, विजेचं बिल, रेशनकार्ड, जे असेल ते शोध. काकू म्हणतात कागदांची पत्र्याची पेटी तू मागच्या खेपेला इंदूरला नेलीस. महापालिकेच्या करनिर्धारण खात्यातून १९९५-९६ चा इन्स्पेक्शन एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे कोणत्या खोलीत कोण होतं त्याचा उतारा, मी काढतो, त्यात बाबांचं नाव असणारच. बाबांचा मृत्यूचा दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र तू तयार ठेव. ताईचीही सही लागेल, तिला आत्ताच सांगून ठेव, नंतर रुसवेफुगवे नकोत.

दुसरं, कोऱ्या संमतीपत्रावर सही करू नकोस, कुणीही मागितली तरी. ज्यात घराचं क्षेत्रफळ, तात्पुरत्या भाड्याची रक्कम, मुदत आणि बँक गॅरंटी लिहिलेली नाही, ते संमतीपत्र नव्हे. आम्ही रहिवाशांची प्रस्तावित गृहनिर्माण संस्था नोंदवायला घेतलीय. बहुतेक बिऱ्हाडं बरोबर आहेत, वरच्या मजल्यावरची दोन अडून बसलीत, त्यांना मी समजावतोय. खाली करायची वेळ आलीच तर प्रत्येक खोलीचं मोजमाप आणि राहणाऱ्याचं नाव सरकारी कागदावर चढल्याशिवाय कुणी कुलूप लावायचं नाही, असं सभेत ठरलंय. उच्च न्यायालयाच्या निर्देशांप्रमाणे ते आपल्याला मिळायलाच हवं. तो कागद हातात आला की मी स्वतः काकूंचं सामान बांधून देईन, तू सांगायची गरज नाही.

तोवर काकूंनी पावसाळ्यापुरतं तुझ्याकडे यावं असं मलाही वाटतं. पण खोलीत वीज-पाण्याचं बिल चालू राहिलं पाहिजे, भाडं मनिऑर्डरने जात राहिलं पाहिजे (मालक घेत नाही, पण परत आलेली मनिऑर्डरही पुरावा असते, जपून ठेव), आणि कुलपाची एक किल्ली माझ्याकडे. काकू तयार होतील का, ते मला सांगता येत नाही. परवा त्या म्हणाल्या, "मी गेले तर टेकूकडे कोण बघणार?" मी बघेन असं सांगितलंय. तूही सांग, तुझं ऐकतील.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी सभा आहे. आर्किटेक्ट येणार आहे, त्याच्यासमोर प्रत्येकाचे कागद मांडायचेत. शनिवारच्या अवंतिका एक्सप्रेसने निघ आणि ती पेटी घेऊन ये. झेरॉक्स नको, मूळ कागद आण.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
बाळ्या