मामांचा कागद आणि टकलूचं नाव

मुलुंड, मुंबई
9 सप्टेंबर 2025

प्रिय सुध्या,

पितृपक्ष लागलाय, महत्त्वाची कामं काढायची नाहीत, म्हणून तुला पत्र लिहायला बसलोय. हे फोनवर होणार नव्हतं. तू मधेच "बरं, पुढे?" म्हणतोस आणि माझं पुढचं हरवतं. तब्येत ठीक. साखर आहे तिथेच, सुनीताची मान दुखते, डॉक्टर बदलले. झालं.

तर तो लेख. लिफ्टच्या मशिन रूममध्ये मेकॅनिकांनी स्वतः लिहून चिकटवलेल्या कागदांचा. "हा रिटायर झाल्यावरसुद्धा लिहिणार नाही," असं तू सुनीतासमोर म्हणाला होतास. लिहिला. पाठवला. परवा जर्नलकडून उत्तर आलं: मेजर रिव्हिजन. नकार नाही, होकारही नाही. मुलगा पसंत आहे, फक्त नोकरी, उंची आणि आडनाव बदलून या, अशातला प्रकार.

पण त्याआधीची एक गंमत सांगतो, ती तुझ्याशिवाय कोणाला कळणार नाही. तिथे लेख तपासणाऱ्याला लिहिणाऱ्याचं नाव कळू द्यायचं नसतं आणि लिहिणाऱ्याला तपासणाऱ्याचं. म्हणून नावाचं पान वेगळं, लेख वेगळा, आकृत्या वेगळ्या, त्याही 300 डीपीआयच्या. शिवाय वर्डची फाइल स्वतःच चहाडी करते, म्हणून तिच्या प्रॉपर्टीज पुसायच्या. मी उघडून बघतो तर 'ऑथर'पुढे कोणाचं नाव असावं? टकलूचं, आपल्या साहेबाचं! अरे, आपण त्याचीच फाइल 'सेव्ह अ‍ॅज' करत आलो ना, पहिल्या गुड्स लिफ्टच्या मॅन्युअलपासून. लेखही मी त्यातच लिहिला. म्हणजे बघ, तू त्याच्या टेबलावर हात आपटून विचारत होतास की मॅन्युअलवर लिहिणाऱ्याचं नाव का नाही, तो शांतपणे "कंपनीच्या कागदावर कंपनीचं नाव असतं" म्हणत होता, आणि आपल्या प्रत्येक मॅन्युअलच्या पोटात हा बसलेला. त्यालाही माहीत नसणार. मी एकटाच हसत सुटलो. सुनीताला सांगितलं तर म्हणाली, "मग?"

पुसलं त्याचं नाव. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

कुठल्या जर्नलला पाठवला ते भेटल्यावर सांगतो, निर्णय व्हायचाय. आपल्या, म्हणजे मॅन्युअलं लिहिण्याच्या, धंद्याची जर्नल्स तशी बोटांवर मोजण्याइतकी: आयट्रिपलईचं एक, सेजची दोन, टेलर अँड फ्रान्सिसचं एक, एसीएमचं एक. एसटीसीचं, म्हणजे अमेरिकेतल्या तांत्रिक लेखकांच्या संस्थेचं, होतं, पण ती संस्थाच गेली रे. 1953 पासूनची. जानेवारी 2025 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करून दार लावून घेतलं. त्यांच्या जर्नलमध्ये प्रत्येक लेखाच्या डोक्यावर 'काम करणाऱ्याने यातून काय घ्यावं' हे थोडक्यात दिलेलं असायचं. तू तेवढंच वाचायचास आणि पूर्ण लेख वाचल्यासारखा बोलायचास. एका वेळी एकाच जर्नलला पाठवायचं हा सगळीकडचा नियम, त्यामुळे तिकडे महिनोन्‌महिने 'अंडर रिव्ह्यू' आणि इकडे आपण बसलेले. फॉर्ममध्ये संस्थेचं नाव भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. 'इंडिपेंडंट रिसर्चर' असं भरलं. लेकीने विचारलं, "म्हणजे घरी बसलेले ना?" त्याशिवाय ऑर्किड नावाचा संशोधकांचा एक नंबर काढावा लागतो. आधारचे आकडे 12, याचे 16. यालाही आपलं नाव कधी ना कधी बरोबर छापून येईल या आशेवरच माणूस तयार होतो.

तपासणारे दोघे. पहिल्याला लेख आवडला, त्याने स्पेलिंगं काढली. दुसऱ्याने तीन पानं लिहिलीत. त्याची पहिली तक्रार: शहर कोणतं ते कळत नाही. कसं कळेल? ओळख लपवायची म्हणून मी मुंबईचं 'दक्षिण आशियातलं किनाऱ्यावरचं एक महानगर' करून टाकलं होतं. आता म्हणे, संदर्भ पुसट झालाय. दुसरी तक्रार: सिद्धान्ताची बाजू लंगडी आहे, अमुक वाचा, तमुक वाचा. त्यात कॅरोलिन मिलर यांचा 1979चा लेख. मी दात-ओठ खात वाचायला घेतला, आणि चांगला निघाला, हे जास्त छळतं. भाषा म्हणजे नुसती काच, तिच्यातून पलीकडची वस्तू जशीच्या तशी दिसते, तांत्रिक लेखकाने फक्त काच पुसावी, ही समजूतच बाई मोडून काढतात. म्हणतात, लिहिणारा आणि वाचणारा एका समाजातले असतात, तिथे काय धरून चालतात ते ठाऊक असल्याशिवाय लिहिता येत नाही. आता सांग, आपल्या मेकॅनिक मामांचा कागद म्हणजे दुसरं काय?

तो कागद तुला पाठ असेल, तरी लिहितो. गिरगावातली ती पाच माळ्यांची इमारत, पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला पिवळ्या पडलेल्या टेपने चिकटवलेला. आपल्या मॅन्युअलमध्ये काय होतं? 'मेन स्विच बंद करा. ब्रेक सोडून गाडी जवळच्या मजल्यावर आणा.' बस. मामांनी लिहिलेलं: 'एकटा माणूस अडकला असेल तर ब्रेक सोडल्यावर गाडी वर जाईल. घाबरू नको. वजन जड आहे. निम्मी भरली असेल तर हलणार नाही, चाक फिरव. पूर्ण भरली तरच खाली येईल. आधी आतल्या माणसाला ओरडून सांग, मग ब्रेकला हात लाव.' काउंटरवेट, म्हणजे दोराच्या दुसऱ्या टोकाचं ते वजन, हे रिकामी गाडी अधिक साधारण निम्मा भार एवढं धरलेलं असतं, हे आपल्याला कॅटलॉगमधून माहीत होतं. पण रात्री दोन वाजता नवीन पोराने ब्रेक सोडला, गाडी उलटी वर निघाली आणि आतली बाई किंचाळली, तर पोरगं ब्रेक टाकून पळतं, हे कॅटलॉगमध्ये कुठे होतं? आणि लिफ्टखालच्या खड्ड्याबद्दलची ती लाल पेनाची ओळ, 26 जुलै 2005 नंतर वाढवलेली: 'पिटात पाणी असेल तर तळाला आणू नको.' 1939चा लिफ्टचा कायदा जाऊन 2017चा आला, इन्स्पेक्टर येऊन गेले, कागद हलला नाही.

लेखाचा जीव तोच आहे, बाकी सगळे कागद त्याच्या मागे रांगेत. आणि दुसऱ्याची तिसरी तक्रार नेमकी त्यावरच. खाली मामांची सही आणि फोन नंबर आहे ना? म्हणे, सहभागी व्यक्तीची ओळख उघड होते, सही झाका, मजकुरात 'सहभागी 3' म्हणा. शिवाय एथिक्स कमिटीचं अप्रूव्हल कुठे आहे?

आता कमिटी असते कॉलेजात, युनिव्हर्सिटीत. माझ्याकडे कमिटी म्हणजे सुनीता. ते आपल्या ओळखीचे प्राध्यापक (कोण ते कळलंच असेल, सोलकढीवाले) लगेच म्हणाले, आमच्या कॉलेजच्या कमिटीतून करून देतो, फक्त पहिलं नाव माझं घाला, प्रमोशनला लागतं. मी विचारलं, मुलाखती होऊन गेल्या, आता मागच्या तारखेने कमिटी काय मंजूर करणार? सहसा कुठलीच कमिटी झालेल्या कामाला मागाहून मंजुरी देत नाही, ते कामाच्या आधी घ्यायचं असतं. ते म्हणाले, ते बघतो हो मी. यूजीसीने मान्य जर्नलांची ती केअरची यादीसुद्धा फेब्रुवारीत बंद केली, आता कोण विचारतंय? त्यांच्याकडे पैसे भरून आठवड्यात छापणाऱ्या एका जर्नलचा पत्ताही होता. मी सोलकढी संपवली आणि निघालो. सोलकढी मात्र आजही उत्तम.

मग संपादिकाबाईंना सरळ लिहिलं: मी कोणत्याही संस्थेत नाही, मंजुरी मागाहून मिळत नाही, फोटो काढताना प्रत्येकाला तोंडी विचारलं होतं, तसं लेखात नोंदवतो. आणि मामांना फोन केला. फोनवर नातीने ओरडून ओरडून सांगितलं, ऐकू कमी येतं त्यांना. त्यांचं उत्तर ऐक. "नाव घाल. वडिलांचं नाव पण घाल, मधलं गाळू नको. कागद मी लिहिलाय." त्यांना 'सहभागी 3' समजावून सांगायचा प्रयत्न केला. म्हणाले, "तीन नंबर कोण? पहिले दोन कोण होते?"

बाईंचं उत्तर आलं, फार नीट बाई आहेत. मंजुरीबद्दल जे लिहिलंत तेच लेखात प्रामाणिकपणे लिहा, चालेल. माणसाने समजून-उमजून, लेखी मागितलं तर नावही देता येईल. पण त्यातून काय होऊ शकतं ते त्याला सांगितलेलं असलं पाहिजे.

आता घोडं इथेच अडलंय. मामांचा धाकटा त्याच कंपनीत सर्व्हिसला आहे, त्याच लाइनवर. पॅनेलमध्ये काही चिकटवायचं नाही असा कंपनीचा लेखी हुकूम होता, तुझ्यासमोर फाडलेत त्यांनी कागद. उद्या लेख छापला, कोणी तो तिकडे पोचवला, 'मॅन्युअलमध्ये नव्हतं ते मेकॅनिकने लिहिलं' असं वर मामांचं तीन शब्दी नाव, तर पोराला कोणी बोलणार नाही? कदाचित कोणी बघणारही नाही. अशी जर्नल्स वाचतं कोण? पण मी 'सहभागी 3' लिहिलं, तर टकलूने आपल्याला जे केलं तेच मी मामांना करतोय की काय, असं रात्री वाटतं. सकाळी वाटतं, नाही, मी त्यांच्या पोराला जपतोय. दुपारी वाटतं, त्यांचा पोरगा, त्यांचा कागद, मी कोण ठरवणारा? सुनीता म्हणते, संध्याकाळी काय वाटतं तेही सांग म्हणजे वेळापत्रक पूर्ण होईल.

तू टकलूशी भांडून राजीनामा दिलास तेव्हा मी तुला मूर्ख म्हणालो होतो. अजूनही तेच मत आहे, वांद्रे स्टेशनवर जे बोललो त्यातला एक शब्द मागे घेत नाही. दोन महिन्यांचा बोनस सोडलास. पण मामांना काय विचारायचं ते तुला कळेल, मला नाही. मी त्यांच्यापुढे बसलो की मुलाखत घ्यायला लागतो.

म्हणून काम सांगतो. तू चिपळूणला, मामा संगमेश्वरला. जाऊन ये. संमतीचा फॉर्म मराठीत लिहून सोबत ठेवलाय. त्यात तीन पर्याय आहेत: पूर्ण नाव, फक्त सहीचा फोटो, किंवा काहीच नाही. पोराच्या नोकरीचं वाक्य मी चारदा खोडलं, अजून पटत नाही, तू लिही. 'कृपया' दोन ठिकाणी आहे, काढणार असशील तर काढ. "माणूस अडकलाय आणि तू कृपया म्हणतोस" हे ऐकायची माझी तयारी आहे. धाकट्याशीही बोल, मामांच्या समोर नको. आणि मामा 'नाव घाल'वरच अडून बसले तर फॉर्मवर सही घे, वाद घालू नकोस. मग मी नाव घालणार.

दुसरं म्हणजे तुझं नाव. मशिन रूम तू शोधल्यास, पहिल्या वह्या तुझ्या. दुसरा लेखक म्हणून घालतोय. पण नियम असा की लेखकाने मजकूर वाचून, दुरुस्त करून, मंजूर करून, पुढे कोणी प्रश्न विचारला तर उत्तर द्यायला उभं राहायचं. तेव्हा अठ्ठावीस पानं वाचावी लागतील, नुसते वरचे मुद्दे नव्हे. तपासणाऱ्यांच्या प्रत्येक मुद्द्यापुढे 'काय केलं, कोणत्या पानावर' असा तक्ता करून द्यायचाय, ऑक्टोबरअखेरपर्यंत. सिद्धान्ताचा भाग मी बघतो. शहराचं नाव परत मुंबई केलंय.

तुझ्याकडे काय? वाशिष्ठीचं पाणी यंदा कुठवर आलं ते कळलं नाही, बाजारपेठ बरी आहे ना? वहिनींचं ऑपरेशन झालं का? ओंकारचं पुण्याचं कॉलेज त्याला आवडतंय असं ऐकलं, छान. काजूच्या कर्जाचं काय झालं ते सविस्तर लिही, मी यावेळी खरंच वाचीन.

शनिवारी जा. रविवारी मामांकडे भजन असतं, मग तू तिथेच बसशील आणि फॉर्म राहून जाईल. दोन प्रती ने, एक त्यांच्याकडे राहू दे.

तुझा,
दिनू

ता. क. मामा काहीही म्हणाले तरी फोटोतला फोन नंबर मी झाकणार आहे. अमेरिकेतल्या कुठल्याशा युनिव्हर्सिटीची लिफ्ट अडकली तर रात्री दोन वाजता संगमेश्वरला फोन जायचा, आणि मामा उचलतील.