शुक्रवारचे बांगडा कटलेट

वसई, शुक्रवार रात्र

प्रिय सुऱ्या,

परवा फोनवर चिडवलंस ना, "मासे खाऊन कसला रे तुमचा उपास?" तेव्हा गाडी पकडायची होती म्हणून सोडून दिलं, आता ऐक. आम्हा कॅथलिकांचा खरा उपास राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीचा प्रायश्चित्तकाळ सुरू होतो त्या दिवशी, आणि गुड फ्रायडेला, म्हणजे एकदाच पोटभर जेवायचं, तोही 18 ते 59 वयातल्यांना, म्हणजे मला अजून अकरा वर्षं सुटका नाही. प्रायश्चित्तकाळातल्या बाकी शुक्रवारी फक्त मटण-चिकन बंद, मासे अंडी चालतात. आता त्यात कोणी पापलेट अन कोळंबी हादडली तर नियम मोडत नाही, पण आई म्हणायची, मग मटणानेच काय घोडं मारलंय? म्हणून आमच्याकडे शुक्रवारी बांगडा.

आज बायको माहेरी, म्हटलं आईसारखे कटलेट आपणच करू. चार बांगडे मीठ-हळद घालून सात-आठ मिनिटं उकडले, मधला काटा सरळ निघतो रे, पण पोटाकडचे बारीक काटे चष्मा लावून बोटांनी चाचपत बसावं लागतं, पोरीने मोबाईलचा टॉर्च धरला होता. मग कांदा, मिरची, आलं, कोथिंबीर, लिंबू आणि दोन बटाटे. इथेच माती खाल्ली. लवकर शिजावेत म्हणून बटाटे सोलून फोडी करून उकडले, ते पाणी पिऊन बसले आणि मी गरम गरमच कुस्करले. पहिला कटलेट उलटायला गेलो तर अर्धा उलथण्यावर, अर्धा तव्यावर. पोरगी म्हणे, पप्पा, भुर्जी छान झालीय.

मग दोन मुठी पावाचा चुरा घातला, मिश्रण अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवलं, चपटे गोळे रव्यात घोळवले आणि कडा तांबूस होईपर्यंत हातच लावला नाही, तेव्हा कुठे एकसंध उलटले. आई बटाटे सकाळीच सालासकट उकडून का ठेवायची ते आज कळलं, मला वाटायचं गॅस वाचवते.

सोबत काकडी-कांदा आणि पाव, बस. ती भुर्जी मीच पावात भरून खाल्ली, आणि खोटं कशाला बोलू, सगळ्यात भारी तीच लागली.

पुढच्या शुक्रवारी चर्चमधली क्रूसाची वाट ही प्रार्थना साडेसातला संपते, आठपर्यंत ये. बटाटे सकाळीच उकडून ठेवतो.

तुझाच,
जॉन्या